दर सेकंदाला मुंबई-पुणे

मोबाइलवर मराठी कळफलक उघडा आणि ‘ब्राह्मणपारा’ हा शब्द टाइप करा. रायपूरच्या जुन्या शहरातली ही वस्ती. जवळच कंकाली तलाव, पलीकडे सत्तीबाजार, आजूबाजूला तात्यापारा आणि बुढापारा. नाव उच्चारायला पाच अक्षरं पुरतात. फोनला मात्र ती पाच दिसत नाहीत. त्याच्या लेखी ब वेगळा, ब चा पाय मोडणारी खूण वेगळी, र वेगळा, काना वेगळा. असं करत करत बारा चिन्हं होतात. युनिकोडच्या रूढ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. बारा त्रिक छत्तीस! छत्तीसगडातल्या वस्तीचं नाव बरोब्बर छत्तीस बाइटांत बसतं, हा योगायोग मला फार आवडतो. आणि प्रत्येक बाइटमध्ये आठ शून्य-एक. म्हणजे एका वस्तीच्या नावासाठी २८८ शून्य-एक.

आता जरा घट्ट धरून बसा. फाइव्ह-जी फोनला सेकंदाला शंभर मेगाबिटचा वेग मिळतोय असं समजू. शंभर मेगाबिट म्हणजे दहा कोटी शून्य-एक. दहा कोटींना २८८ ने भागा. एका सेकंदात ‘ब्राह्मणपारा’ हा शब्द जवळजवळ ३ लाख ४७ हजार वेळा जाऊ शकतो! हेच हाताने लिहायला बसलात, एका वेळेला दोनच सेकंद लागतात असं धरलं, तर आठ दिवस आणि आठ रात्री सलग लिहावं लागेल. न जेवता, न झोपता, पेनाची शाई न संपता. तिकडे फोनचं काम एका सेकंदात उरकलेलं.

हा आकडा मनात घोळवत रायपुरातच सव्वाशे वर्षं मागे जाऊ. जानेवारी १९००. ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचं मासिक निघालं. भाषा हिंदी, पण काढणारे तिघे मराठी: संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. सप्रे तेव्हा पेंड्र्याला होते. मजकूर पेंड्र्यात तयार व्हायचा आणि सुरुवातीचे अंक रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये छापले जायचे. बिलासपूरमार्गे हे अंतर रेल्वेने दोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे थेट मुंबई-पुणे! आपल्या मासिकाचा संपादक पुण्यात आणि छापखाना बोरीबंदरला, अशी परिस्थिती. प्रत्येक ओळीला हे अंतर ओलांडूनच कागदावर यायचं होतं. तीन वर्षं त्यांनी हे चालवलं. तोटा सोसून चालवलं, आणि १९०२ अखेर मासिक थांबलं. आज लाखेनगर हा रायपूरचा एक भाग आहे आणि सप्र्यांच्या नावाची शाळा बुढापाऱ्यात आहे. फोनवर ‘प्रकाशित करा’ या बटणावर अंगठा ठेवताना मला या तिघांची फार आठवण येते, कारण आकडे खरे भव्य वाटायला लागतात ते त्यांच्या शेजारी ठेवल्यावरच.

तेच अंतर घ्या. मुंबई-पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. १९३० पासून धावणारी आपली लाडकी डेक्कन क्वीन ते सव्वातीन तासांच्या आसपास कापते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. तो मुंबईहून पुण्याला किती वेळात पोचेल? सेकंदाचा हजारावा भाग. तोसुद्धा पुरता नाही! राणी बोरीबंदरहून हलली आणि त्याच क्षणी एक प्रकाशाचा ठिपका निघाला, असं समजा. राणी पुण्याच्या फलाटावर टेकेपर्यंत त्या ठिपक्याच्या जवळजवळ एक कोटी बावीस लाख फेऱ्या होतील. येऊन-जाऊन धरल्या तरी एकसष्ट लाखांच्या आसपास. राणी कर्जतला मागचं इंजिन जोडून घाट चढत असताना हा पठ्ठ्या लाखो वेळा पुणं बघून आला. वाटेतली यंत्रं निरोप थोडा थांबवतात, हे खरं. पण फेऱ्या निम्म्या काय, दहाव्या हिश्शावर आणल्या तरी मान वर करून बघावं असाच आकडा उरतो.

वेगाचं झालं. आता वजनाकडे वळू, कारण तिथे आणखी मोठी गंमत आहे. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद माधवराव सप्र्यांनीच केला. ग्रंथ असा जाड की मांडीवर घेऊन वाचावा. नऊशे पानं धरा, पानावर दोन हजार चिन्हं धरा. अठरा लाख चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, एकूण चोपन्न लाख बाइट. सुमारे साडेपाच एमबी. आणि दुपारी जेवणाच्या ताटाचा फोटो काढून तुम्ही ज्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकता, त्या फोटोचं मूळ वजन किती? बहुतेक तेवढंच! मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी लिहिलेला, सप्र्यांनी ओळ न् ओळ हिंदीत आणलेला अख्खा ग्रंथ एका पारड्यात. भात-वरणाचा एक फोटो दुसऱ्या पारड्यात. काटा मध्ये!

आता १२८ जीबीच्या साध्या फोनमध्ये असे किती ग्रंथ मावतील? साडेतेवीस हजारांहून जास्त. एकेक प्रत पाच सेंटिमीटर जाडीची समजून एकावर एक रचत चला. रचलेली चळत जवळजवळ बाराशे मीटर उंच होते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे ब्राह्मणपाऱ्यातून संध्याकाळी फिरायला निघालेल्या माणसाच्या शर्टाच्या खिशात पाऊण कळसूबाई आहे, आणि खिसा फुगलेलासुद्धा नाही.

ग्रंथ नको, पाणी घेऊ. एक बाइट म्हणजे पाण्याचा एक थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर. ‘ब्राह्मणपारा’ लिहायला छत्तीस थेंब लागले, चमचासुद्धा भरला नाही. एका फोटोला दोनशे लिटरचं पिंप भरून सांडेल एवढं पाणी. आणि १२८ जीबीचा फोन भरायला? चौसष्ट लाख लिटर. गावाकडची चांगली बांधीव विहीर डोळ्यांपुढे आणा, वीस फूट रुंद, तीस फूट पाणी. अशा चोवीस विहिरी! थेंब मोजून भरलेल्या चोवीस विहिरी त्या हातभरही नसलेल्या काचेच्या तुकड्यात.

हा झाला एक फोन, नुसता साठा. आता देशाचा नळ सोडू. मोबाइल इंटरनेटच्या जोडण्या आपल्याकडे नव्वद कोटींहून जास्त आहेत. दर जोडणीमागे महिन्याला वीस जीबीच्या आसपास डेटा वापरला जातो. नव्वद कोटी गुणिले वीस, म्हणजे अठराशे कोटी जीबी. आता त्याचे थेंब करा, थेंबांचे लिटर करा, लिटरांचं धरण करा. रायपूरकरांना गंगरेल धरण घरचं, महानदीवरचं, बत्तीस टीएमसीचं. सह्याद्रीतल्या मराठी माणसाला कोयना घरची, एकशे पाच टीएमसीची. देशाचा एका महिन्याचा डेटा थेंबाथेंबाने साठवायला तीनशे कोयना लागतील! गंगरेल म्हणाल तर हजाराच्या घरात. दर दिवसाला दहा कोयना भरताहेत. सकाळच्या आरतीचा व्हिडिओ, दुपारची मालिका, रात्रीचं क्रिकेट, पोरांच्या शिकवणीचे धडे, मावशीने नागपूरहून केलेला व्हिडिओ कॉल, सगळं त्या पाण्यात.

आणि हे पाणी स्वस्त झालं म्हणून वाहिलं. सरकारी आकड्यांनुसार २०१४ मध्ये एक जीबी डेटा सरासरी २६९ रुपयांना पडायचा. आता तो दहा रुपयांच्याही खाली उतरला आहे. जुन्याच दराने आजचा डेटा घेतला असता तर? अठराशे कोटी जीबी, गुणिले २६९, गुणिले बारा महिने. गुणाकार मी दोनदा पडताळला, कारण विश्वास बसेना. वर्षाला अठ्ठावन्न लाख कोटी रुपये! केंद्र सरकारचा २०२५-२६ चा संपूर्ण अर्थसंकल्प पन्नास लाख पासष्ट हजार कोटींचा. रेल्वे, रस्ते, सैन्य, पगार, कर्जावरचं व्याज, सगळं बंद ठेवून सरकारने देशाला फक्त रिचार्ज मारून द्यायचा ठरवला असता, तरी साडेसात लाख कोटी कमी पडले असते.

रुपयांचा विषय निघालाच आहे, तर सत्तीबाजारातून एक फेरी मारू. भाजीच्या टोपल्यापाशी चौकोनी ठिपक्यांचा कागद टांगलेला. दहा रुपयांची कोथिंबीर, फोन धरला, यंत्रातून बाईचा आवाज आला, पैसे मिळाले. यूपीआयची सुरुवात एप्रिल २०१६ मधली. २०१६-१७ या पहिल्या आर्थिक वर्षात देशभरात मिळून एक कोटी एकोणऐंशी लाखांच्या आसपास व्यवहार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला गेला. पहिलं अख्खं वर्ष आता पाऊण तासाच्या आत उरकतं! दर सेकंदाला साडेसात हजारांच्या जवळपास व्यवहार. सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये १,१२८ जण बसतात. अशा साडेसहा गाड्या खच्चून भरा, प्रत्येक उतारूच्या हातात फोन द्या, आणि सगळ्यांनी एकाच सेकंदाला चहाचे पैसे चुकवले असं समजा. पुढच्या सेकंदाला नव्या साडेसहा गाड्या. त्याच्या पुढच्या सेकंदाला आणखी. रात्री तीन वाजताचा सेकंद आणि संध्याकाळी सातचा सेकंद सारखा नसतो, पण सरासरी हीच.

त्या एका महिन्यात फिरलेली रक्कम चोवीस लाख पंच्याऐंशी हजार कोटी रुपये. पाचशेच्या नोटांत ती मांडली तर ४,९७० कोटी नोटा होतात. एका माणसाला मोजायला बसवू. सेकंदाला एक नोट, अंगठ्याला थुंकी लावायलाही न थांबता. त्याला १,५७५ वर्षं लागतील. हरिषेण वाकाटकाच्या काळातली अजिंठ्याची लेणी अजून कोरायला घ्यायची होती, तेव्हा त्याने पहिली नोट उचलली असती, तर शेवटची आत्ता कुठे ठेवली असती. वाकाटक गेले, यादव गेले, मराठ्यांचं राज्य आलं, नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगड घेतलं, इंग्रज आले आणि गेले, आणि हा आपला एका महिन्याच्या कोथिंबीर-चहा-वीजबिलाच्या नोटा मोजतोच आहे!

पैसे देणं सोपं झालं, तसंच लिहिणं आणि छापणंही. सप्र्यांच्या काळी मासिक काढायला संपादक, प्रकाशक, मुद्रक, कागद, शाई, टपाल आणि तोटा सोसणारं कुटुंब एवढं सगळं लागत असे. १९९९ मध्ये ब्लॉगर आलं, मग वर्डप्रेस आलं, आणि छापखाना अंगठ्याखाली आला. वर्डप्रेस डॉट कॉम या एकाच ठिकाणी महिन्याला सात कोटींच्या आसपास नवे लेख प्रसिद्ध होतात. सेकंदाला सत्तावीस. तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत तिथे शंभरावर लेख जन्माला आले.

सात कोटी लेखांचे दिवाळी अंक काढू या. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची आपली ही परंपरा, जगात मिरवावी अशी. एका अंकात चाळीस लेख धरले तर साडेसतरा लाख अंक भरतात. मराठीत दर दिवाळीला पाचशे अंक निघतात असं सढळ हाताने धरू. म्हणजे जगभरच्या लोकांनी त्या एका संकेतस्थळावर एका महिन्यात जे लिहिलं, त्याला दिवाळी अंकांत जागा करून द्यायला मराठीला साडेतीन हजार दिवाळ्या लागतील. पुढच्या महिन्यात पुन्हा साडेतीन हजार! आणि या ढिगात वाचावं असं किती, हा प्रश्न मला कधीच फारसा पडत नाही. एका गल्लीतल्या आजींनी पुरणाची कृती लिहिली आणि ती दूरदेशीच्या नातीने वाचली, एवढ्याने तो लेख कारणी लागला.

लिहायचंही नको असेल तर बोला. यूट्यूबवर दर मिनिटाला पाचशे तासांचा मजकूर चढतो, असं कंपनीच सांगत आली आहे. रायपूरहून मुंबई मेलमध्ये चढा आणि वीस तासांनी बोरीबंदरला उतरा. तेवढ्यात सहा लाख तासांचे व्हिडिओ चढून झाले. ते बघायला किती काळ लागेल? अडुसष्ट वर्षं. पंचविशीतला मुलगा गाडीतून उतरून बघायला बसला, डोळ्याला डोळा न लावता, तर त्र्याण्णवाव्या वर्षी उठेल. एका प्रवासाच्या हिशेबाला एक जन्म! यातला एक झरा रायपूरच्या अंगणातलाच आहे. जिल्ह्यातलं तुळसी हे गाव, वस्ती चार हजारांच्या आसपास. त्यातली हजारभर माणसं यूट्यूबच्या कामात. कोणी लिहितं, कोणी नटतं, कोणी कॅमेरा धरतं, आजीबाईसुद्धा संवाद म्हणतात. चारांत एक! हेच प्रमाण देशाला लावून बघा. पस्तीस कोटी कलाकार होतील. शेतावरून येऊन ही मंडळी गल्लीत दृश्य लावतात, आणि जग ते बघतं. यापुढे मला कुठल्याही चित्रनगरीचं अप्रूप वाटत नाही.

पण सगळ्यात मोठा आकडा मी राखून ठेवला आहे. तो आहे साध्या निरोपांचा. ‘पोचलो’, ‘जेवलीस का’, ‘डबा विसरलास’, फुलांवर लिहिलेलं सुप्रभात. २०२० मध्ये व्हॉट्सअॅपवर जगभरात दिवसाला दहा हजार कोटी निरोप जातात असं कंपनीने जाहीर केलं. तोच आकडा घेऊ. सेकंदाला साडेअकरा लाख. २०११ च्या जनगणनेत रायपूर शहराची वस्ती दहा लाखांच्या थोडी वर होती. ब्राह्मणपारा, तात्यापारा, पुरानी बस्ती, चौबे कॉलनी, पाळण्यातल्या बाळांसकट सगळ्या शहराने एकाच सेकंदाला एकेक निरोप पाठवला, तरी तो सेकंद भरत नाही!

आता हे निरोप पोस्टकार्डावर लिहू. आपलं साधं पन्नास पैशांचं कार्ड, चौदा सेंटिमीटर लांब, नऊ रुंद. नुसती कार्डं विकत घ्यायला रोज पाच हजार कोटी रुपये लागतील. एका कार्डाचं वजन अडीच ग्रॅम धरलं, तर रोजचं ओझं अडीच लाख टन. रायपूरकरांना मालगाड्या नव्या नाहीत, कोळसा आणि लोहखनिज घेऊन त्या दिवसरात्र डोळ्यांपुढून जातात. गाडीमागे चार हजार टन भरले तरी बासष्ट-त्रेसष्ट गाड्या लागतील. एक गाडी साडेसहाशे मीटर लांब. सगळ्या एकामागे एक उभ्या केल्या तर रायपूर ते दुर्ग हा सदतीस किलोमीटरचा लोहमार्ग गच्च भरून शेपूट दुर्गच्याही पुढे निघेल. एका दिवसाची टपाल! दुसऱ्या दिवशी तेवढ्याच गाड्या पुन्हा.

आणि आता कार्डं गाडीतून काढून जमिनीवर लांबीने मांडू. कार्डाला कार्ड चिकटवून. दिवसाला एक कोटी चाळीस लाख किलोमीटर. रेल्वेचं मुंबई-पुणे अंतर त्र्याहत्तर हजार वेळा. सेकंदाला किती झालं? एकशे बासष्ट किलोमीटर! रस्त्याने मुंबई-पुणे दीडशेच्या आसपास. टिक म्हणायच्या आत मुंबईहून पुणं गाठलं, टॉक म्हणायच्या आत परत. अख्ख्या दिवसात पृथ्वीला साडेतीनशे वेढे. जमीन संपली म्हणून ही रांग आकाशात वळवली, तर चाळीस मिनिटांत चंद्र. रायपूरहून सुटलेली पॅसेंजर दुर्गला पोचायच्या आत चंद्र!

थांबायचं कशाला? गुढीपाडव्याला पहाटे पहिलं कार्ड ठेवू आणि रांग सूर्याकडे सोडू. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब. रामनवमी होऊन दोन दिवस झालेले असतील, आणि अकराव्या दिवशी रात्रीच्या सुमाराला रांगेचं टोक सूर्याला टेकेल. तोंड फिरवून ती बाहेरच्या बाजूला सोडली असती तर? आखाजी, वटपौर्णिमा, पोळा, गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत, रोज एक कोटी चाळीस लाख किलोमीटर, रोज न चुकता. मंगळ मागे पडेल, गुरू मागे पडेल, शनीची कडी मागे पडतील. आणि महाशिवरात्र ते होळी यांच्या दरम्यान कधीतरी, पुढचा पाडवा अजून यायचा असताना, साडेचारशे कोटी किलोमीटरवरच्या नेपच्यूनच्या पलीकडे कार्ड पडेल: ‘पोचलो. जेवलीस का?’